भाचीच्या आतड्यातली गाठ साधी निघाली, मग धाकट्याची तपासणी कशाला?

सातारकर_मामा
भाची 9 वर्षांची. दोनेक वर्षं तिचं पोट येऊनजाऊन दुखायचं, कळ आली की पोट धरून मुरगळून बसायची आणि अर्ध्या तासात परत खेळायला पळायची. जंताची गोळी झाली, फेब्रुवारीत शाळेत देतात ती पण झाली, हिमोग्लोबिन 7 आलं तर लोहाचं टॉनिक झालं, "शाळा बुडवायला नाटकं करते" हेही बोलून झालं. मागच्या महिन्यात हिरवी उलटी सुरू झाली, पोट फुगलं, तेव्हा शहरात नेलं. सोनोग्राफीत दिसलं की आतड्यात आतडं शिरलंय. रात्रीच ऑपरेशन. ज्या जागी आतडं ओढलं गेलेलं तिथे पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढलेली गाठ) निघाला, 3 सेंटिमीटरचा. बायोप्सीत हॅमार्टोमा आला, म्हणजे साधी गाठ, कॅन्सर नाही. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

आता खरा घोळ. सर्जननी तिचे ओठ नीट बघितले. ओठांवर आणि गालाच्या आतून बारीक काळपट ठिपके आहेत, घरात सगळे तीळच म्हणायचे. दाजींच्या गालात आतून डिट्टो तसेच. डॉक्टर म्हणाले हा प्यूट्झ-जेगर्स नावाचा आजार दिसतोय, घराण्यात उतरतो, मुलीची जनुकाची टेस्ट करा, दाजींची दुर्बिणीने तपासणी करा आणि 5 वर्षांच्या भाच्याचंही बघू. ताईच्या सासूबाई म्हणतात गाठ साधी होती, काढली, विषय संपला, धडधाकट पोराला सुया कशाला टोचायच्या. दाजी गप्प. माझं मत सरळ आहे, सगळ्यांचं करून टाकावं. बोला.

कोरा_चहा
सासूबाईंशी सहमत, शिव्या घालायच्या तर घाला. 5 वर्षांचं पोर खातंय पितंय खेळतंय, त्याला भूल देऊन दोन्हीकडून नळ्या घालायच्या, का तर बहिणीला कॅन्सर नसलेली गाठ होती म्हणून? हल्ली एक पेशंट आला की अख्खं घर पेशंट करतात. आमच्याकडे चुलतभावाच्या मुलीला पोटात लिंफॅन्जिओमा (लसिकावाहिन्यांची साधी गाठ) निघाला होता, आतड्याला पीळ पडून ऑपरेशन झालं, तिच्या भावंडांना कुणी हात लावायला सांगितलं नाही आणि सगळी ठणठणीत आहेत. गाठ निघाली, पोरगी बरी झाली, देवाला नारळ फोडा आणि पुढे चला.

टाकेवाला
लहान मुलांची ऑपरेशनं करणं हाच माझा धंदा आहे म्हणून लिहितो. कोरा_चहा, तुमचं उदाहरण बरोबर आहे पण इथे लागू नाही. मुलांमध्ये आतडं अडवणाऱ्या साध्या गाठी बऱ्याच जातीच्या असतात. लिंफॅन्जिओमा, तान्ह्या वयातल्या चरबीचा लायपोब्लास्टोमा, आतड्याला चिकटून असलेली जन्मजात डुप्लिकेशन सिस्ट (ही खरं तर ट्यूमर नाही पण अडवते तशीच). त्या पूर्ण काढल्या की बहुतेक वेळा काम संपतं, लायपोब्लास्टोमा थोडा मागे राहिला तर परत वाढतो म्हणून त्या मुलावर लक्ष ठेवतो, भावंडांचा काही संबंध नाही. प्यूट्झ-जेगर्स वेगळा. तिथे एक पॉलिप काढला तरी बाकीच्या आतड्यात अजून असू शकतात आणि नवे येत राहतात.

अजून एक, सगळ्यांसाठी. वर्ष-दीड वर्षाच्या बाळात आतड्यात आतडं शिरतं तेव्हा बहुतेकदा गाठबिठ काही नसते, हवा किंवा सलाईन गुदद्वारातून सोडून ते सुटतं. पण 5-6 वर्षांपुढच्या मुलात असं झालं तर कारण शोधायचंच, मेकेलचा डायव्हर्टिक्युलम (आतड्याला असलेली जन्मजात छोटी पिशवी), पॉलिप, कधी लिंफोमा नावाचा कॅन्सर. आणि हिरवी उलटी म्हणजे त्याच दिवशी सर्जन, कुठल्याही वयात.

कोरा_चहा
मान्य. पण मग त्या 5 वर्षांच्या पोराला नळी घालायची का, हो की नाही एवढंच सांगा.

टाकेवाला
आत्ता नाही. त्रास नसेल तर आतडी बघायला साधारण 8 व्या वर्षी सुरुवात करतात, त्रास असेल तर आधी. पहिलं पाऊल रक्ताचं, आणि तेही भाच्याचं नव्हे, भाचीचं. STK11 हा जनुक 19 नंबरच्या क्रोमोसोमवर असतो (1998 ला सापडला), त्यातला बिघाड तिच्यात नेमका कुठे आहे ते कळलं की मग भावाच्या रक्तात फक्त तेवढंच शोधायचं. नाही सापडला तर पोरगा मोकळा, ना दुर्बीण ना काही. दाजींना असेल तर प्रत्येक मुलाला 50 टक्के शक्यता, नाणं उडवल्यासारखं. आज तुम्ही जे "काहीच करू नका" म्हणताय त्यात हा पोरगा कायम संशयातच वाढणार.

झेंडूची_फुलं
मला हा आजार आहे. वयाच्या 14 व्या वर्षी पहिलं ऑपरेशन, घरात कुणालाच माहीत नव्हतं, आजोबा "पोटाच्या आजाराने" गेले एवढंच सांगायचे. तेव्हा फक्त अडकलेला भाग कापून टाके घातले, बाकीचे पॉलिप तसेच राहिले आणि कॉलेजात असताना परत तेच, परत पोट उघडलं, अजून आतडं गेलं. आतडं काही परत उगवत नाही हो! आता ठरावीक वर्षांनी कॅप्सूल गिळते, कॅमेरावाली, मोठा पॉलिप दिसला की लांब दुर्बिणीने काढतात, पोट न फाडता, चारआठ दिवसांत कामावर. माझ्या धाकट्या भावाचं रक्त तपासलं, त्याला नाही. तो निकाल आला त्या दिवशी आई जी रडली ती माझ्या दोन्ही ऑपरेशनांना पण रडली नव्हती.

खडीसाखर
कुणाला राग येईल पण बोलते. ही मुलगी आहे. असलं नाव एकदा फाईलवर लागलं की उद्या स्थळ बघताना काय सांगणार? गाठ काढली, ठिपके काय लेझरने जातात. टेस्ट करून कागदावर छापून घेण्यापेक्षा गुपचूप डॉक्टरकडे वर्षाला दाखवत राहा ना. आपल्याकडे कोड असलं तरी लोक घराणं विचारतात, हे तर जनुकच झालं.

झेंडूची_फुलं
@खडीसाखर माझं लग्न झालंय, आधी सांगून झालंय, एक स्थळ मोडलं पण. आणि गुपचूप दाखवायचं म्हणजे काय दाखवायचं? पॉलिप बाहेरून दिसत नाहीत. रात्री दोन वाजता पोट फुगून कॅज्युअल्टीत नेलं तर तिथल्या डॉक्टरला हे नाव माहीत असणं हाच माझा जीव आहे.

खडीसाखर
तुझं झालं, छान झालं. गावाकडे सगळ्यांना असे नवरे मिळत नाहीत, एवढंच म्हणायचंय मला.

निरांजन_62
शंका आहे. कॅन्सर नाही म्हणालात मग दाजींची दुर्बीण कशाला, त्यांचं वय चाळीस, आता आतडं थोडंच शिरणार?

टाकेवाला
शिरू शकतं. आणि पॉलिप साधे असले तरी या लोकांना मोठेपणी आतडं, स्वादुपिंड, बायकांमध्ये स्तन, अशा ठिकाणी कॅन्सर होण्याचा धोका इतरांपेक्षा पुष्कळ जास्त असतो. 1896 मध्ये हचिन्सन नावाच्या इंग्रज सर्जननी जुळ्या बहिणींच्या ओठांवरच्या ठिपक्यांचं वर्णन केलं होतं, पुढे त्यातली एक विशीत आतडं अडकून गेली आणि दुसरी मोठेपणी स्तनाच्या कॅन्सरने. तेव्हा ठिपके आणि आतड्यातले पॉलिप यांचा संबंध कुणाला माहीत नव्हता. नेदरलँड्समधल्या प्यूट्झनी 1921 ला एका घराण्यात तो दाखवला, जेगर्सनी 1949 ला. आणि निरांजन, वयाने ओठांवरचे ठिपके फिके होतात, गालाच्या आतले राहतात. दाजींचे ओठ साफ आहेत म्हणून फसू नका.

कोरा_चहा
माझा एक मुद्दा अजून उभाच आहे. पोराच्या जनुकांचं पोराने 18 नंतर ठरवावं. आपण कोण आत्ता उकरणारे?

टाकेवाला
जे आजार चाळिशीनंतरच दिसतात तिथे तुमचं शंभर टक्के खरं, मीसुद्धा मुलाची टेस्ट करू देत नाही. इथे विशीच्या आत जवळजवळ निम्म्यांच्या आतड्यात आतडं शिरतं. 18 ची वाट बघायची तर भाचीसारखी रात्र मधेच येणार. दीड-दोन सेंटिमीटरच्या वरचे पॉलिप आधीच काढता आले तर ती टाळता येते.

सातारकर_मामा
ताईला हे सगळं वाचून दाखवलं. ती तयार आहे, भाचीचं रक्त या आठवड्यात जातंय. दाजी म्हणतात माझं दिवाळीनंतर बघू. कॅप्सूलचा खर्च ऐकून त्यांचा चेहरा उतरला ते वेगळंच. एक विचारायचं होतं, भाचीला लगेच कॅप्सूल देतात का?

टाकेवाला
आतडं कुठे अरुंद असेल तर कॅप्सूलच अडकते, ऑपरेशन नुकतं झालंय, सर्जनला विचारल्याशिवाय नको. मोठ्या गावात एमआर एंटेरोग्राफी, म्हणजे आतड्याचा एमआरआय होतो, त्यात एक्सरे किरण नसतात. आणि टेबलावर बाकीचं आतडं दुर्बिणीने बघितलं होतं का ते डिस्चार्जच्या कागदात शोधा, त्यावर पुढची घाई किती ते ठरेल.

कोरा_चहा
ठीक आहे, भाचीचं रक्त द्या, माझी हरकत नाही. पण पोराला शाळेत, पाहुण्यांत "तुला पण असेल" म्हणून कुणी घाबरवलं तर त्याला जबाबदार तुम्ही सगळे.

खडीसाखर
आणि रिपोर्ट सासूबाईंच्या हातात देऊ नका, अख्ख्या गल्लीला कळेल.