उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरचा वेग: भरलेला किती, रिकामा किती?

सीनाकाठ (मोहोळ तालुका) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. यंदाच्या गाळप हंगामात आम्ही घरचा ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या ऊस वाहतुकीला लावल्या आहेत. खेपेचा रस्ता आधी शिवारातला कच्चा, मग एकेरी डांबरी आणि शेवटचा टप्पा राष्ट्रीय महामार्ग ६५ चा, म्हणजे आपल्या पुणे-सोलापूर रस्त्याचा आहे. चालक या कामात मुरलेला आहे, निर्व्यसनी आहे आणि त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मात्र वेगाच्या बाबतीत आमचे एकमत होत नाही. भरलेल्या गाड्या ३० ने आणि रिकाम्या ४० च्या जवळपास चालवायला हरकत नाही, सगळेच तशा चालवतात, असे त्याचे म्हणणे आहे. ओढ्याच्या पुलाकडे उतरताना तो डिझेल वाचावे म्हणून गाडी न्यूट्रल करतो, आणि परतीच्या खेपेत मागची ट्रॉली डावी-उजवीकडे डोलू लागते हे मी स्वतः मागून मोटारसायकलवर जाताना पाहिले आहे.

भरलेल्या आणि रिकाम्या खेपेला वेगाची मर्यादा किती ठरवावी, उतारावर न्यूट्रल करणे कितपत धोक्याचे आहे, आणि मागची ट्रॉली डोलते ती नेमकी कशामुळे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. चालकाला नुसता हुकूम सोडण्यापेक्षा कारण पटवून द्यावे, अशी माझी इच्छा आहे.

भीमातीर (माढा) यांचे उत्तर

दादा, आमच्या घरी ऊस वाहतूक वडिलांपासून आहे. आमचा दंडक असा की भरलेल्या दोन ट्रॉल्या सपाट डांबरी रस्त्यावर २० च्या वर न्यायच्या नाहीत, वस्तीतून आणि वळणावर १० ते १२, आणि रिकाम्या असताना २५ ही शेवटची मर्यादा. ट्रॅक्टरच्या अंगात ३० ते ३५ चा वेग आहे म्हणून तो मागे दोन ट्रॉल्या असतानाही वापरावा, असा त्याचा अर्थ होत नाही.

न्यूट्रलची सवय मात्र आजच्या आज मोडा. आपल्या भागात घाट नाहीत, त्यामुळे चालक उताराला मोजत नाहीत. पण कालव्याचा चढ-उतार, ओढ्याचा पूल, महामार्गावरचा उड्डाणपूल एवढा उतारही भरलेल्या ट्रॉल्यांना पुरेसा असतो. गियरमध्ये असलेले इंजिन चाकांना धरून ठेवते. न्यूट्रल केले की ती धरण सुटते आणि मागचे सगळे वजन ट्रॅक्टरला पुढे रेटू लागते. वेग एकदा हाताबाहेर गेला की पुन्हा खालचा गियर पडत नाही, आणि घाबरून ब्रेक दाबला तर मागची चाके घसरून ट्रॅक्टर आडवा होतो. ज्या गियरमध्ये तो चढ चढला असता त्याच गियरमध्ये उतरायचे, गियर उतार सुरू होण्याआधी टाकायचा आणि मध्ये क्लचवर पाय ठेवायचा नाही.

आता एक गोष्ट प्रत्यक्ष जाऊन पाहा. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडल असतात, डाव्या चाकाचे वेगळे आणि उजव्याचे वेगळे, कारण शेतात फेर घेताना एकच चाक अडवावे लागते. ही दोन्ही पेडल एकत्र जोडणारी एक लहान पट्टी किंवा कडी तिथेच असते. नांगरट करून आलेला ट्रॅक्टर तसाच ट्रॉल्यांना जोडला जातो आणि ती कडी उघडीच राहते. रस्त्यावर अचानक ब्रेक मारताना पाय एकाच पेडलवर पडला तर एकच चाक अडते आणि ट्रॅक्टर गर्रकन त्या बाजूला वळतो. मागच्या ट्रॉल्या मात्र सरळच येत असतात. शेताच्या बांधावरून डांबरीला लागण्यापूर्वी कडी बसवली की नाही हे चालकाने वाकून, हाताने चाचपून पाहिले पाहिजे. पिनेला खालून चाप हवा, आणि ट्रॅक्टर ते पहिली ट्रॉली व पहिली ते दुसरी ट्रॉली अशा दोन्ही ठिकाणी जाड साखळी हवी. ट्रॉली नेहमी खालच्या हुकालाच जोडावी. वर जोडली तर चढावर ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाते आणि स्टिअरिंग हलके पडते.

शेवटचे सांगणे मालक म्हणून तुम्हाला आहे. कारखान्याच्या आवारात नंबर लावून, वजनकाट्यावर आणि गव्हाणीपाशी (गाळपासाठी ऊस टाकतात तिथे) गाडी तासन् तास अडकते, आणि तो गेलेला वेळ चालक परतीच्या रिकाम्या रस्त्यावर भरून काढायला बघतो. त्याला खेपेवर पैसे ठरवून दिले असतील, तर घाईही आपणच ठरवून दिली असे होते. आम्ही हंगामाचा ठोक पगार देतो. खेपा काही प्रमाणात कमी होतात हे खरे आहे, आणि ते आम्ही मान्य केले आहे.

यंत्रशाळा (सोलापूर) यांचे उत्तर

मी तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. वरील उत्तरातील प्रत्येक मुद्दा योग्य आहे. तुमच्या चालकाला पटावे म्हणून मी फक्त त्यामागचे गणित मांडतो.

आपल्याकडील बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. म्हणजे ट्रॅक्टरची मागची दोन चाके हीच सगळ्या गाडीला थांबवतात. ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि ऊस मिळून २२ टन वजन धरा, आणि त्यातले ब्रेक असलेल्या चाकांवर अडीच टन. रस्ता कोरडा आणि टायर चांगले असले, तरी तेवढ्या चाकांची पकड २२ टनांना फारच सावकाश थांबवू शकते. चालकाला धोका ओळखून पाय ब्रेकवर न्यायला दीड सेकंद लागतो असे मानले, तर ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सुमारे २८ मीटरवर थांबेल, ३० ने जाणारी सुमारे ५७ मीटरवर आणि ४० ने जाणारी सुमारे ९७ मीटरवर. वेग २० वरून ३० झाला की थांबण्याचे अंतर दुप्पट होते, हे त्याला रस्त्यावर पावलांनी मोजून दाखवा. कागदावर दाखवण्यापेक्षा ते लवकर पटेल.

हेच गणित उतारावर लावा. शंभर मीटरला चार मीटर इतका साधा उतार असला, तरी ब्रेकची जवळजवळ निम्मी ताकद केवळ उताराशी झुंजण्यात खर्च होते. तिथे २० च्या वेगाला सुमारे ४८ मीटर लागतात आणि ३० च्या वेगाला १०० मीटर. रस्त्यावर उसाची पाने, वाळू किंवा दव असेल तर हे आकडे आणखी वाढतात. शक्य असेल तर ट्रॉल्यांनाच ब्रेक बसवून घ्या. ट्रॉली पुढे रेटली की तिच्या दांडीच्या दाबाने आपोआप लागणारे ब्रेक असतात, तसेच ट्रॅक्टरवरून चालणारे हवेचे आणि हायड्रॉलिकचेही असतात. वजन वाहणारी चाकेच ब्रेक लावू लागली की थांबण्याचे अंतर निम्म्याहून खाली येते, आणि सुरक्षिततेवर खर्च करायचाच तर माझ्या मते तो सर्वांत आधी इथे करावा.

वळणाचेही तसेच आहे. उसाची रास उंच असल्यामुळे भाराचा गुरुत्वमध्य वर जातो, आणि वळणावर गाडीला बाहेर फेकू पाहणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट केला तर ते बल सव्वादोन पट होते. साइडपट्टी खचलेली असेल आणि बाहेरचे चाक तिच्यावरून खाली उतरले, तर ट्रॉली उलटायला फारसे निमित्त लागत नाही.

रिकाम्या ट्रॉलीचा प्रश्न ब्रेकचा कमी आणि डोलण्याचा जास्त आहे. रिकाम्या ट्रॉलीचे टायर लहानशा खड्ड्यावरही उसळतात, क्षणभर त्यांची रस्त्यावरची पकड सुटते, आणि पिनेच्या भोकात जितकी ढिलाई असेल तितकी ट्रॉली मोकळी हलते. पुढच्या ट्रॉलीला बसलेला झोल मागच्या ट्रॉलीपर्यंत पोहोचताना वाढत जातो, आणि वेग जितका जास्त तितका तो विझायला वेळ लागतो. एका मर्यादेपुढे तो विझत नाही, उलट वाढतच राहतो. म्हणून झिजलेल्या पिना बदला, दोन्ही बाजूंच्या टायरांतील हवा सारखी ठेवा. ट्रॉली डोलू लागलीच तर चालकाने जोराचा ब्रेक मारू नये आणि उलट-सुलट स्टिअरिंगही फिरवू नये. स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू कमी करावा.

पंढरपूर-सोलापूर यांचे उत्तर

मी नोकरीनिमित्त या रस्त्यावर रात्री मोटारीने ये-जा करतो, त्यामुळे ट्रॉलीच्या मागून येणाऱ्याची बाजू मांडतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला १०० आणि इतर रस्त्यांवर ७० ची कमाल मर्यादा आहे. जिथे फलकावर कमी आकडा असेल तिथे अर्थातच फलक पाळायचा. ट्रॅक्टरचा २० चा वेग मला पूर्णपणे मान्य आहे. माझी एकच कळकळीची विनंती आहे की तो मागच्याला दिसला पाहिजे. ऊस ट्रॉलीच्या मागे आणि बाजूला इतका बाहेर आलेला असतो की दिवा आणि रिफ्लेक्टर त्याखाली झाकले जातात. भरलेल्या खेपेला मागे चमकणारे कापड बांधतात, आणि ऊस उतरला की तेच कापड गुंडाळून ठेवतात. त्यामुळे परतीची रिकामी ट्रॉली काळोखात अजिबात दिसत नाही.

दुसरे म्हणजे, टायर फुटलेली ट्रॉली रस्त्यावरच उभी करून भोवती दगड लावले जातात, आणि ट्रॉली निघून गेल्यावर ते दगड तिथेच राहतात. मोटारसायकलवाल्यांचा जीव त्या दगडांवर जातो. कार्तिकी आणि माघी वारीच्या दिवसांत तर पहाटेच्या धुक्यात याच रस्त्यांनी दिंड्या पायी चाललेल्या असतात आणि नेमका तेव्हाच गाळप हंगाम असतो. त्या दिवसांत चालकाने टेपचा आवाज बंद ठेवावा, म्हणजे मागचा हॉर्न आणि पुढचे टाळ दोन्ही ऐकू येतील.

यंत्रशाळा (सोलापूर)

या मुद्द्याला आकड्यांची जोड देतो. डिपरच्या उजेडात न चमकणारी वस्तू साधारण ४० ते ५० मीटरवर दिसते. ८० ने येणाऱ्या मोटारीला पूर्ण थांबायला सुमारे ७५ मीटर लागतात. म्हणजे बिनदिव्याची उभी ट्रॉली ज्या क्षणी दिसली, त्या क्षणी टक्कर टळण्याची वेळ निघून गेलेली असते. ट्रॉली २० ने पुढे सरकत असेल, तर चालक सावध असल्यास जेमतेम निभावते. म्हणून रात्री डिपरवर ६० च्या वर जाऊ नये असे मी मोटारचालकांना सांगेन, आणि ट्रॉलीवाल्यांना सांगेन की मागे लाल, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी अशी चमकणारी पट्टी ट्रॉलीच्या सांगाड्यावरच चिकटवावी, जी रिकाम्या खेपेतही दिसेल. रोज ती पट्टी ओल्या फडक्याने पुसावी लागते. शिवारातल्या फुफाट्याने ती दोन-तीन खेपांत मातीच्या रंगाची होते.

कागदपत्र (बार्शी) यांचे उत्तर

विषय वेगाचा असला तरी एक गोष्ट जोडतो. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे, त्यामुळे दोन्ही ट्रॉल्यांची नोंदणी आणि विमा स्वतंत्रपणे पाहून घ्या. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी काढलेला आणि वाहतूक भाड्याची, असे असेल तर अपघातानंतर भरपाईचा वाद मालकाच्या गळ्यात येतो. जादा भारासाठी कायद्यात २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय जास्तीचा माल उतरवून घेण्याची तरतूद आहे. पण दंडापेक्षा वरची दोन उत्तरे महत्त्वाची आहेत, कारण भार कमी केला की थांबण्याचे अंतरही कमी होते.

सीनाकाठ (मोहोळ तालुका)

सर्वांचा मनापासून आभारी आहे. भरलेल्या खेपेला २०, रिकाम्याला २५ आणि न्यूट्रल पूर्ण बंद, एवढे आम्ही ठरवले आहे. चालकाशी बोललो, पावलांनी अंतर मोजून दाखवले, आणि पगार ठोक ठरवण्याची तयारी दाखवल्यावर त्यानेही मनापासून होकार दिला. पेडलची कडी पाहिली, ती आहे; पण कडी लावून ब्रेक मारला की ट्रॅक्टर थोडा डावीकडे ओढतो असे तो म्हणतो. यावर काय करावे?

भीमातीर (माढा)

तसे असेल तर डावा ब्रेक आधी किंवा जास्त धरतो आहे. ट्रॉल्या सोडून कोरड्या, मोकळ्या जागेवर जा, कडी लावून सावकाश वेगात जोराचा ब्रेक मारा आणि मागच्या दोन्ही चाकांचे घसटल्याचे व्रण पाहा. डावा व्रण लांब आणि उजवा आखूड किंवा नसलाच, तर उजव्या पेडलची ढिलाई कमी करून दोन्ही पेडल सारखी खाली जातील असे करून घ्या. तरीही ओढत असेल तर उजव्या ब्रेकमध्ये तेल उतरले असण्याची शक्यता आहे, ते मेकॅनिककडून उघडून पाहावे लागेल. दोन्ही व्रण सारखे दिसेपर्यंत ट्रॉल्या जोडू नका, एखादी खेप चुकली तरी चालेल.