वॅम्पम म्हणजे नुसते पैसे नव्हेत
वॅम्पम, म्हणजे शिंपल्यांपासून घडवलेले मणी, हे जुनं चलन असं बरेच जण समजतात. ते अर्धंच खरं. १७व्या शतकात अमेरिकेत आलेल्या युरोपीय वसाहतवाल्यांनी त्याचं चलन केलं; वॉम्पनोआग या तिथल्या मूळ रहिवासी लोकांत ते मुळात मानाचं लेणं, शब्द दिल्याची खूण. मणी स्वतः घडवायला बसलं की त्याची किंमत कळते. जांभळ्या मण्यांसाठी क्वाहॉग नावाच्या जाड शिंपल्याचा आतला जांभळा भाग तेवढा कामाचा, तोही ओला ठेवूनच घासायचा. कोरडी भुकटी फुप्फुसांना वाईट. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर गेलात तर अक्विनाच्या रंगीत कड्यांजवळचं वॉम्पनोआग लोकांचं सांस्कृतिक केंद्र चुकवू नका. ऑक्टोबरातला क्रॅनबेरी डे मात्र त्यांचा घरचा सण. मुलं त्या दिवशी शाळा बुडवून रानात क्रॅनबेरी ही आंबट लाल फळं वेचायला जातात. तिथे कॅमेरा घेऊन घुसू नये, एवढंच.