एका दिवसात पाच कामं काढली, पाचही अडकली. म्हापशात क्रम कसा लावावा?

बार्देशची वाट

गोव्यातल्या म्हापशाजवळच्या गावातून निघून एका दिवसात पाच कामं उरकायची होती. आईचा हयातीचा दाखला (वय ७८), तिचं बरीच वर्षं न वापरलेलं बचत खातं सुरू करणं, घराच्या जागेचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा म्हणा), पुण्याला मामांकडे काही कागद रजिस्टर एडीने धाडणं आणि स्कूटरचं पीयूसी.

एकही झालं नाही. दाखल्यासाठी सात वेळा बोट लावलं, ठसा लागला नाही. बँकेत सांगितलं की खातं निष्क्रिय आहे, शिवाय आधारवरचं आडनाव आणि पासबुकावरचं जुळत नाही. उताऱ्याला नंबर दिला तर ‘ही जागा इथे दिसत नाही’. पोस्टात म्हणाले, रजिस्टर एडी बंद झालं. पीयूसीचं केंद्र दुपारचं बंद. त्यात शुक्रवार, गाडी लावायलाच अर्धा तास गेला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा रजा काढतोय. प्रत्येक ठिकाणी नेमकं काय चुकलं, आणि कशानंतर काय करावं? आईला पुन्हा रिक्षात चढव-उतार करायला लागू नये, ही माझी मुख्य काळजी आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

पेन्शनवाले काका

हयातीचा दाखला यादीतून काढाच. तो घरी होतो, आईंना उंबरठा ओलांडावा लागत नाही.

आधी ठशाचं. वयाबरोबर बोटांवरच्या रेषा झिजतात आणि कातडी कोरडी पडते. जन्मभर भांडी घासली, नारळ सोलले, त्या हातांचं हे ठरलेलंच. तेच बोट पुन्हा पुन्हा दाबून काही होत नाही. कोमट पाण्याने हात धुऊन, पुसून, किंचित खोबरेल चोळायचं, परत कोरडं पुसायचं आणि दुसरं बोट लावून पाहायचं. दहापैकी कुठलंही चालतं. आणि ऑपरेटरला स्क्रीनवरचा एरर क्रमांक विचारायचाच. ३०० आला तर ठसा जुळला नाही. ३३० आला तर आधारचं बायोमेट्रिक लॉक केलेलं आहे, मग दहाही बोटं लावलीत तरी तेच उत्तर येणार. आधी ते अनलॉक करावं लागतं.

घरी करायचं ते चेहऱ्यावरून. फोनवर दोन अ‍ॅप लागतात, ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’. दुसरं उतरवल्यावर त्याचा आयकॉन दिसत नाही, ते मागे राहून काम करतं. अनेकजण ते आलंच नाही समजून परत परत उतरवत बसतात. आधी ऑपरेटर म्हणून तुमचा स्वतःचा चेहरा एकदा नोंदवायचा, मग आईंची माहिती भरायची: आधार, मोबाइल, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक, पेन्शनचा प्रकार, पेन्शन मंजूर करणारं खातं, वाटप करणारी संस्था आणि खाते क्रमांक.

सगळ्यात जास्त चुका वाटप करणाऱ्या संस्थेच्या रकान्यात होतात. पेन्शन बँकेत जमा होते म्हणून लोक डोळे मिटून बँक निवडतात, पण वाटप दुसरीच संस्था करत असेल तर दाखला तिच्याकडे पोचतच नाही. दाखल्याचा क्रमांक, म्हणजे प्रमाण आयडी, मात्र मिळून जातो, त्यामुळे काम झालंसं वाटतं. पीपीओवर काय लिहिलंय ते वाचूनच निवडा आणि चार-आठ दिवसांनी दाखला स्वीकारला गेला की नाही ते तपासा.

चेहरा घेताना आईंना सकाळी बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीत) उजेडाकडे तोंड करून बसवा. पाठीमागून उजेड आला की चेहरा काळा पडतो. चष्मा काढा, फोन त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत धरा, मागे नातवंडं उभी नकोत. वर्तुळात चेहरा आला की डोळे सावकाश मिटून उघडायला सांगा. पापणी लवल्याशिवाय अ‍ॅप पुढे जात नाही, आणि वयस्क माणसं फोटो काढतायत समजून डोळे ताणून बसतात. दोनदा सराव करून घ्या.

सरकारी पेन्शनला नोव्हेंबर महिना असतो, ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासून. भविष्य निधीची पेन्शन असेल तर दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिलेल्या तारखेपासून वर्षभर चालतो. फोनवर जमलंच नाही तर पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन करून देतो, शुल्क ७० रुपये.

काउंटरच्या आतून

खात्याचं सांगतो. ग्राहकाने स्वतः केलेला व्यवहार २ वर्षं झाला नाही की खातं निष्क्रिय होतं. बचतीचं व्याज जमा होत राहतं, पासबुकात नोंदी दिसत राहतात, त्यामुळे घरच्यांना खातं चालू आहे असं वाटतं. ते व्याज आणि बँकेचे आकार या व्यवहारात धरत नाहीत.

रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू आहेत. खातं पुन्हा सुरू करायला शुल्क घेता येत नाही. किमान शिल्लक नाही म्हणून निष्क्रिय खात्यावर दंडही नाही. केवायसीचे कागद त्याच बँकेच्या कुठल्याही शाखेत देता येतात, म्हणजे मूळ शाखा लांब असली तरी गावाजवळच्या शाखेत चालतं. अर्ज पूर्ण असेल तर ३ कामकाजाच्या दिवसांत खातं सुरू व्हायला हवं. तेव्हा त्याच दिवशी पैसे काढायचा बेत करू नका, आणि अर्ज दिल्याची पोच शिक्का मारून घ्या. हे तीन दिवस पोचेच्या तारखेवरूनच मोजता येतात.

आता आडनाव, आणि खरी अडचण तीच आहे. गोव्यात हे दोन कारणांनी होतं. एक, पोर्तुगीज काळातलं स्पेलिंग. नाईक हे आडनाव जुन्या नोंदीत शेवटी क्यू-यू-ई लावून सापडतं, आणि आधारवर सरळ के. दुसरं, खातं माहेरच्या नावावर आणि आधार सासरच्या. दोन्हींवर उपाय वेगवेगळा. लग्नामुळे नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला लागतो, त्याची प्रत ज्या तालुक्यात नोंद झाली तिथल्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे. नुसता स्पेलिंगचा फरक असेल तर बँका बहुधा ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ अशा प्रतिज्ञापत्रावर भागवतात. त्यात दोन्ही स्पेलिंग अक्षर न अक्षर कागदावर आहेत तशीच उतरवा. एक अक्षर हललं तर तिसरंच नाव तयार होतं.

जन्मनोंदीतलं नाव बदलायच्या फंदात यासाठी पडू नका. ते १९९० च्या गोवा नाव व आडनाव बदल कायद्याखाली येतं, वेगळी आणि लांबची वाट आहे. आधार, पॅन आणि पीपीओ तिन्ही एकसारखे असतील तर फक्त पासबुक त्यांच्याशी जुळवून घ्या.

चलता नंबर

‘जागा दिसत नाही’ याचा अर्थ जवळजवळ नेहमी एकच: जागा पालिका हद्दीत, सिटी सर्वेखाली आहे. एक-चौदाचा उतारा गावच्या सर्वेचा असतो, त्याला गाव, सर्वे नंबर आणि सबडिव्हिजन लागतात. पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को या शहरांत सिटी सर्वे झालाय, तिथे फॉर्म डी मिळतो आणि त्याला पी.टी. शीट नंबर (सिटी सर्वेच्या नकाशाच्या पानाचा) आणि चलता नंबर (त्या पानावरच्या जागेचा) द्यावा लागतो. तुमच्याकडचा आकडा नेमका कुठला आहे ते जुन्या विक्रीखतात किंवा जुन्या नकाशावर पाहा. चलता नंबर सर्वे नंबर म्हणून सांगितला की खिडकीवर काहीच निघत नाही, किंवा दुसऱ्याच कुणाची जमीन निघते.

जागा खरोखर गावात असेल तर सबडिव्हिजन राहिलं असणार. ४५ आणि ४५/३ हे वेगळे उतारे आहेत. बहुतेक कामांना खिडकीवर जायचीही गरज नाही, गोवा ऑनलाइनवरून फी भरून डिजिटल सहीची प्रत मिळते. उतारा हातात आला की कब्जेदाराचा रकाना आणि कुळाचा रकाना तिथेच वाचा. वडिलांचंच नाव अजून असेल तर ज्या कामाला उतारा हवाय तिथे म्युटेशन (नावाचा फेरफार) आधी विचारतील. बँकेला हवा असेल तर सर्वेचा नकाशाही मागतात, तो उताऱ्यासोबत येत नाही, वेगळा काढावा लागतो.

टपाल आणि तिंटो

रजिस्टर टपाल १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालं. म्हणून ‘रजिस्टर एडी’ मागितलं की नाही म्हणतात. खिडकीवर असं सांगा: ‘स्पीड पोस्ट, त्याला रजिस्ट्रेशन आणि पोचपावती.’ ५० ग्रॅमपर्यंत पुण्याला ४७ रुपये, रजिस्ट्रेशनचे ५ रुपये जास्त, वर जीएसटी. ए-फोर कागद साधारण ५ ग्रॅमचा, म्हणजे लहान लिफाफ्यात घडी करून सात-आठ कागद ५० ग्रॅमच्या आत बसतात. मोठा जाड लिफाफा घेतलात की पुढच्या दरात गेलात. रजिस्ट्रेशन लावलं की टपाल ज्याच्या नावे आहे त्यालाच देतात, शेजाऱ्याकडे ठेवत नाहीत. मामा दिवसभर घरी असतात का ते विचारून घ्या.

शुक्रवार म्हापशाच्या बाजाराचा दिवस, त्या दिवशी कागदाचं काम काढूच नये. सरकारी कचेऱ्या शनिवार-रविवार बंद, बँका दुसऱ्या-चौथ्या शनिवारी. दुपारी एकनंतर झेरॉक्स, स्टेशनरी सगळं साडेतीनपर्यंत बंद राहतं, कचेरीतही सव्वा ते दोन जेवण. तेव्हा झेरॉक्स आदल्या संध्याकाळीच काढून ठेवा. डिसेंबरात जाणार असाल तर सुट्टीची ३ आणि १९ तारीख टाळा.

पीयूसी सकाळी सर्वात आधी, वाटेतल्या पंपावर. पाच-सहा किलोमीटर चाललेली गाडी लगेच तपासा. इंजिन थंड असताना पेट्रोल जास्त जळतं आणि आकडा वर जातो. बीएस-४ आणि पुढच्या गाडीला वर्षभराचं मिळतं, जुनीला सहा महिन्यांचं. मग स्कूटर एकदाच एका जागी लावा आणि बँक, पोस्ट चालत करा. लांबचं असेल तर पायलट (मोटारसायकल टॅक्सी) घ्या, भाडं बसण्याआधी ठरवून.

बार्देशची वाट

सगळ्यांचे मनापासून आभार. कागद काढून पाहिले. पासबुकावर माहेरचं आडनाव आहे आणि जागा पालिका हद्दीतच निघाली. दाखला रविवारी सकाळी बाल्कांवात करतो. आता विवाह नोंदणीची प्रत आधी की बँक आधी?

काउंटरच्या आतून

प्रत आधी. ती हाती येईपर्यंत बँकेत जाऊ नका, अर्ज अपूर्ण राहिला तर तीन दिवस सुरूच होत नाहीत. प्रत मागायला लग्नाचं साल आणि दोघांची लग्नाआधीची नावं लागतील, ती आईंकडून आजच लिहून घ्या, साल नक्की नसेल तर मागची-पुढची दोन वर्षंही. प्रत मागायला जाल त्याच दिवशी फॉर्म डी आणि पोस्ट उरकतील. बँकेच्या दिवशी आईंना न्यायची गरज आहे का ते शाखेत फोन करून विचारा, अर्जावरची सही घरी घेऊन चालत असेल तर उत्तम. आणि पासबुकाची दोन झेरॉक्स ठेवा, पहिलं पान आणि शेवटचं छापलेलं पान. शेवटच्या पानावर शेवटच्या व्यवहाराची तारीख असते, काउंटरवर तीच विचारतात.