मदत हवी आहे : बाळंतपणानंतर 'प्रेस' (मेंदूला तात्पुरती सूज), कुणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी,

धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, आमच्याकडे धायरीला आली आहे. बाळ छान आहे. पण दवाखान्यातून घरी आल्यावर तिचं डोकं भयंकर दुखायला लागलं, उलट्या झाल्या, मग "ताई, मला दिसत नाहीये गं" म्हणाली आणि पाठोपाठ फिट आली. कॅज्युअल्टीत बीपी १८०/११० निघालं. गरोदरपणात ते कधीच वाढलेलं नव्हतं. (बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत असं होऊ शकतं. घरात बाळंतीण असेल आणि तिचं डोकं असं दुखत असेल, तर जागरणावर ढकलू नका, आधी बीपी मोजा.)

एमआरआयनंतर निदान झालं : पोस्टेरियर रिव्हर्सिबल एन्सेफलोपॅथी सिंड्रोम, म्हणजे 'प्रेस'. मला समजलं ते असं. बीपी एकदम चढलं की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना तो दाब पेलत नाही, त्यांच्या अस्तरातून पाणी झिरपतं आणि आजूबाजूला सूज येते. ही सूज बहुतेकदा मेंदूच्या मागच्या बाजूला येते आणि नजरेचं काम तिथेच चालतं. म्हणजे डोळे ठणठणीत, तरी दिसत नाही! तिला मॅग्नेशियमची इंजेक्शनं दिली, बीपी एकदम न पाडता हळूहळू उतरवलं. नजर परत आली.

१९९६ साली या आजाराचं पहिल्यांदा नीट वर्णन झालं, त्यामुळे घरच्या मोठ्यांनी नावही ऐकलेलं नाही. फिट आली म्हणजे फेफरंच, असं सासरकडून दबक्या आवाजात बोललं जातंय आणि ते तिच्या कानावर पडतंय. हे फेफरं नाही, गोळ्या तात्पुरत्या आहेत, पुढचा एमआरआय पाहून ठरवू, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. अंगावर पाजायलाही हरकत नाही म्हणाले. तरी आई प्रत्येक गोळीला धास्तावते.

ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांना विचारायचं आहे. फिटच्या गोळ्या साधारण किती दिवसांनी थांबल्या? वाचताना तिच्या ओळी अजून चुकतात, पटकन थकते. हे पूर्ण जायला वेळ लागला का? पुढच्या बाळंतपणात काय काळजी घेतली? बाळंतपणाशी संबंध नसला तरी लिहा, कारण किडनीच्या आजारात किंवा अवयव बदलल्यावरच्या टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिनसारख्या औषधांमुळेही हा त्रास होतो.

काढे, मालिश, उतारे कृपया सुचवू नका.

सिंहगड रोड किंवा कोथरूड भागात घरच्यांना बसवून, वेळ देऊन मराठीत समजावून सांगणारे न्यूरॉलॉजिस्ट माहीत असतील तर नाव कळवा. तिच्या सासूबाईंना सोबत न्यायचं आहे. इथे लिहायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.