मदत हवी आहे: न दिसणारी दुखापत चित्रात कशी आणायची?

दीड वर्षापूर्वी डोक्याला मार लागला. सीटी स्कॅन नॉर्मल, टाके नाहीत, व्रण नाही. पण उजेड टोचतो, दोन माणसं एकदम बोलली की शब्दांचा गाळ होतो, आणि दुपारपर्यंत मेंदूची बॅटरी संपते. "दिसतेस तर ठणठणीत!" हे ऐकून ऐकून कान किटले, म्हणून आता चित्र काढून सांगायचं ठरवलंय.

अडलंय ते इथे. मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोने १९२५च्या बस अपघातानंतरचं दुखणं १९४४च्या 'तुटलेला स्तंभ' या चित्रात मणक्याच्या जागी भंगलेला खांब दाखवून मांडलं. माझ्याकडे तसं दाखवण्यासारखं काही मोडलेलंच नाही! तडा गेलेली कवटी काढून पाहिली, पण ती औषधाच्या जाहिरातीसारखी दिसली. फाडली. मग एकाच खोलीचं चित्र दोनदा काढलं, एकदा सगळ्यांना दिसते तशी आणि एकदा मला जाणवते तशी. दुसऱ्यात ट्यूबलाइट अर्धा कागद खाऊन टाकते. हे थोडं जमलंय असं वाटतं. पुढे काय करू? थकवा कसा दाखवाल? कागदाचा मोठा भाग कोराच सोडला तर लोकांना तो अपुरा वाटेल का?

साहित्याबद्दलही सांगा. पांढऱ्याशुभ्र कागदाची चमक सोसत नाही, म्हणून करड्या कागदावर कोळसा वापरते. टर्पेंटाइनच्या वासाने डोकं ठणकतं, त्यामुळे तैलरंग बाद. रंग हवेत, पण वीस मिनिटांच्या वर बसवत नाही. सॉफ्ट पेस्टल की गौश (अपारदर्शक जलरंग)? पेस्टलची धूळ फार उडते का?

कुणी अशा अवस्थेत काम केलं असेल तर जरूर लिहा. उत्तर द्यायला मला वेळ लागेल, स्क्रीनही जपूनच बघावी लागते.