पाठीवरची जुनी गाठ आता दुखतेय: थांबायचं की दाखवायचं?

पाऊलवाट:
वडील ६१ वर्षांचे, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. पाठीवर खांद्याच्या फऱ्याजवळ सुपारीएवढी गाठ बरीच वर्षं आहे, मधोमध काळा ठिपका. कधी दुखली नाही. परवा दाबल्यावर घाण वासाचा पांढरा पदार्थ निघाला आणि आता कडेने लाल होऊन ठणकतेय. शेजारी बिब्बा लावा म्हणतात, नातेवाईक म्हणतात कापली की पसरते. आईच्याही डोक्यात तशाच तीन गाठी आहेत, पण त्या दुखत नाहीत. नक्की काय करावं?

सर्जरी_वॉर्ड:
बिब्बा अजिबात लावू नका. त्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, आणि मधुमेहात ती जखम लवकर भरत नाही. चुना, टूथपेस्टही नको.

वर्णनावरून हे आवाळू वाटतं, म्हणजे एपिडर्मॉइड सिस्ट. लोक चरबीची गाठ म्हणतात, पण आत चरबी नसते. कातडीचा वरचा थर आत अडकून त्याची पिशवी झालेली असते. कातडीवरून जे केरॅटिन, म्हणजे वरच्या थरातलं टणक प्रथिन, रोज झडून जातं, तेच इथे आतल्या आत साठत राहतं. काळा ठिपका हे त्या पिशवीचं तोंड. खरी चरबीची गाठ, लायपोमा, मऊ असते, बोटाखालून सटकते आणि तिला ठिपका नसतो.

दाबल्यावर थोडा माल बाहेर आला, पण बहुधा पिशवी आतल्या बाजूलाही फुटली. केरॅटिन कातडीखालच्या थरात सांडलं की शरीर त्याला परकं समजून सूज आणतं. म्हणून लाली आणि ठणका म्हणजे दर वेळी जंतुसंसर्गच असं नाही. उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या घरच्या घरी सुरू करू नका, गरज आहे का ते तपासूनच ठरतं.

आज एवढंच करा: स्वच्छ फडकं कोमट पाण्यात पिळून १०-१५ मिनिटं शेक, दिवसातून ३-४ वेळा. आधी पाणी स्वतःच्या मनगटावर तपासा. वाहत असेल तर वर कोरडा गॉज. दाबणं, सुई टोचणं बंद. साखर तपासा, संसर्ग असला की ती वाढते आणि वाढलेल्या साखरेने संसर्ग बळावतो. मधुमेह आहे म्हणून एक-दोन दिवसांत सर्जनना दाखवाच. ताप, थंडी, झपाट्याने पसरणारी लाली, कातडी काळी पडणं किंवा लालीच्या मानाने खूपच जास्त वेदना असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी.

टाके_आणि_ड्रेसिंग:
वरच्या उत्तराला जोडून. पू झाला असेल तर डॉक्टर आधी छोटा छेद देऊन तो काढतील. गाठ बसली की घरचे समजतात झालं, पण पिशवीचं अस्तर आतच असतं, म्हणून ती पुन्हा भरू शकते. कायमची काढायची तर सूज उतरल्यावर, साधारण ४-६ आठवड्यांनी. लाल असताना पिशवी भोवतालच्या भागाला चिकटलेली असते, काढताना फाटते, तुकडा मागे राहतो. शिवाय सुजलेल्या जागी भूलही नीट चढत नाही.

शांत झालेल्या गाठीचं ऑपरेशन लहान असतं. फक्त तेवढ्या जागेला भूल देतात. ठिपक्याभोवती लांबट छेद घेऊन ठिपक्यासकट पिशवी शक्यतो अखंड सोडवतात. पाठीचे टाके १०-१४ दिवसांनी निघतात, चेहऱ्याचे ५-७. पाठीवर ताण पडतो, म्हणून त्या काळात बादल्या, सिलिंडर उचलणं टाळायचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर आधी सांगा, मनाने बंद करू नका. काढलेली गाठ पॅथॉलॉजीला पाठवायला सांगा.

कापल्याने अशी साधी गाठ पसरत नाही. परत येते ती अस्तर उरल्यामुळे, आणि लोक त्यालाच पसरणं समजतात.

त्वचा_आणि_केस:
आईंच्या डोक्यातल्या गाठी बहुधा पायलर सिस्ट, म्हणजे केसाच्या मुळापासून होणाऱ्या गाठी. टणक, गुळगुळीत, वर ठिपका नसतो, आणि पुष्कळदा घराण्यात चालतात. दुखत नसतील, वाढत नसतील तर काढायलाच हव्यात असं नाही. फणी लागून सारखी इजा होत असेल तर काढून घ्याव्यात. त्यांची पिशवी जाड असल्याने सहसा अखंड निघते.

पण प्रत्येक गाठीला आवाळू समजू नका, ही विनंती. मानेतली गाठ दोन-तीन आठवडे टिकली, सोबत संध्याकाळचा ताप, वजन घटणं किंवा रात्री घाम असेल तर आपल्याकडे गंडमाळेचा, म्हणजे क्षयाचा विचार आधी करावा लागतो. स्तनातली नवी गाठ वाट न पाहता दाखवायची. बाळाच्या नाकावर मधोमध गाठ असेल तर ती कधीकधी आत मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेली असते, स्कॅनशिवाय कोणी तिला हात लावू नये. आणि कुठेही असली तरी भराभर वाढणारी, दगडासारखी कडक, खालच्या भागाला चिकटलेली, रक्त येणारी, वर जखम झालेली किंवा ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ तपासून घ्यावी.

पाऊलवाट:
धन्यवाद. बिब्बा परत केला. उद्या सकाळी सर्जिकल ओपीडीला नेतो. उपाशीपोटी न्यावं का?

सर्जरी_वॉर्ड:
नको. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन उपाशी राहिलं तर साखर घसरू शकते. नेहमीसारखा नाश्ता आणि गोळ्या द्या. गोळ्यांची पाकिटं, साखरेचे जुने रिपोर्ट बरोबर न्या, आणि कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर पहिल्यांदा तेच सांगा. आज रात्रीच पेनने लालीच्या कडेला रेघ मारा. सकाळी लाली रेघेबाहेर गेली असेल तर ते डॉक्टरांना दाखवा.