एनएसचं पहिलं वर्ष संपतंय, लेखाजोखा कसा लिहावा? (सिंगापूर)

बेडोकचा_बंड्या

नमस्कार मंडळी. जानेवारीत नॅशनल सर्व्हिसला (एनएस, इथली सक्तीची लष्करी सेवा) लागलेल्यांचं या डिसेंबरअखेर वर्ष भरतं. बीएमटी (सुरुवातीचं लष्करी प्रशिक्षण) झालं, पुढचं ट्रेनिंग झालं, आता युनिटमध्ये रुळलो. दुसरं वर्ष सुरू व्हायच्या आत पहिल्या वर्षाचा नीट हिशेब मांडायचा आहे. "खूप शिकायला मिळालं, मित्र मिळाले" छापाचं नको, ते पोस्टरवर शोभतं. दोन-तीन वर्षांनी वाचलं तर उपयोगी पडावं असं काहीतरी हवं.

अडतंय ते असं. मधले कितीतरी आठवडे आठवतच नाहीत, ते कशावरून काढायचे? काय लिहिलेलं चालत नाही? आणि कुठले आकडे टिपून ठेवले तर पुढे कामी येतात? लिहायचं मराठीत आहे. इथल्या शाळेत मातृभाषा म्हणून मराठी घेता येत नाही, पण हिंदी घेतल्यामुळे देवनागरी हाताला आहे. शुद्धलेखनावर हसू नये, ही विनंती.

चांगी_ते_टेकाँग

आधी आठवणीच्या मागे लागू नकोस, आधी सांगाडा उभा कर. एका कागदावर 52 ओळी आखायच्या, एका आठवड्याला एक ओळ. ओळीच्या सुरुवातीला त्या शनिवारची तारीख. मग हाताशी असलेल्या नोंदींवरून ओळी भरत जायच्या. बँकेचं स्टेटमेंट आणि एमआरटी (मेट्रो)-बसच्या प्रवासाची यादी या दोन गोष्टींवरून बुक-आउट आणि बुक-इन (सुटीला कॅम्पबाहेर पडणं आणि परत येणं) बहुतेक सगळे सापडतात. पासिर रिस स्टेशनची नोंद दिसत राहिली की तो टेकाँगचा (बीएमटी होतं त्या बेटावरचा) काळ. ती नोंद जिथे थांबते तिथे बीएमटी संपलं. ज्या शनिवारी खर्च शून्य, त्या आठवड्यात कन्फाइनमेंट (सुटी न मिळता कॅम्पमध्येच राहणं) तरी होती, नाहीतर ड्यूटी किंवा फील्ड कॅम्प (रानातला मुक्कामी सराव). घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आईने "जेवलास का" कधी विचारलं आणि उत्तर किती तासांनी गेलं, हेही चोख पुरावा देतं.

ओळी भरल्या की टप्पे पाडायचे. धडधाकट मुलांचं बीएमटी 9 आठवड्यांचं, फिटनेसच्या पायरीप्रमाणे काहींचं त्याहून बरंच लांब. पुढे कुणी स्पेशालिस्ट कॅडेट स्कूलला (सार्जंट व्हायला), कुणी ऑफिसर कॅडेट स्कूलला, बाकीचे आपापल्या व्होकेशनच्या (नेमून दिलेल्या कामाच्या) ट्रेनिंगला आणि मग युनिटला. इथे हमखास एक चूक होते. फील्ड कॅम्प आणि शेवटचा 24 किलोमीटरचा रूट मार्च यांवर चार चार पानं लिहिली जातात आणि युनिटमधले सहा महिने "रोजचंच काम" म्हणून दोन ओळींत उरकले जातात. खरं तर माणूस बदलतो तो त्या सहा महिन्यांत. स्टोअर मोजताना, गार्ड ड्यूटीच्या मधल्या पाळीत, जो सहकारी आवडत नाही त्याच्याचबरोबर रोज काम करताना. तेव्हा पानं उलट्या प्रमाणात वाट. रूट मार्चला अर्धं पान पुष्कळ झालं.

प्रत्येक टप्प्याला तीनच प्रश्न विचार. कुठली चूक परत परत झाली? कुणी सांगितल्याशिवाय कुठलं काम केलं? कुणाचं ओझं उचललं, आणि आपलं कुणी उचललं? "मला काय वाटलं" हा प्रश्न विचारू नकोस, ते उत्तरांत आपोआप येतं.

लाल_झोन

काय लिहू नये, त्याबद्दल. इथे गंमत चालत नाही, ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट एनएसएफनाही (एनएस करणाऱ्या मुलांनाही) लागू आहे. युनिटची माणसं किती, शस्त्रं आणि वाहनं कुठली नि किती, सरावाची जागा आणि वेळ, गार्ड कधी बदलतो, कॅम्पच्या आतला नकाशा, आतले फोटो, कोडनेम, ऑर्डरमधले शब्द जसेच्या तसे, यातलं काहीही वहीत नको. 11बी म्हणजे एसएएफचं (सिंगापूरच्या सैन्याचं) ओळखपत्र, त्याचा फोटो कुठल्याच निमित्ताने काढायचा नाही.

पोरं फसतात ती उघड गुपितांत नाही, जोडणीत फसतात. "अमुक तारखेला बाहेर पडलो" एका पानावर, "तमुक ठिकाणी पाऊस लागला" दुसऱ्या पानावर, आणि तिसऱ्या पानावर सोबत असलेल्यांची नावं. तिन्ही निरुपद्रवी, पण एकत्र वाचली की सरावाचं वेळापत्रक तयार. म्हणून फील्डमधल्या नोंदींना तारीख न घालता नुसता महिना लिही, जागेऐवजी "रबराच्या झाडांखाली" एवढंच, आणि माणसांना टोपणनावं दे. पळताना घड्याळाचं जीपीएस चालू ठेवून कॅम्पमधले फेरे ॲपवर टाकणं हाही त्यातलाच प्रकार. 2018 च्या जानेवारीत स्ट्राव्हाच्या हीटमॅपवर जगभरच्या लष्करी तळांची रूपरेषा उमटलेली दिसली होती, ती अशाच निरागस धावण्यातून.

आणि मराठीत लिहिलं म्हणून ते गुप्त होत नाही. फोनचा कॅमेरा देवनागरीचं भाषांतर दोन सेकंदांत करतो. वही कॅम्पमध्ये ठेवायची असेल तर कमांडरने उघडून वाचली तरी हरकत येणार नाही, इतकंच त्यात असू दे. बाकीचं घरी आल्यावर लिहायचं. क्लाउडवरच्या नोट्स आपोआप सिंक होतात, म्हणून कागदच बरा.

पुंगोलची_मावशी

वरचं सगळं मान्य, पण डिसेंबरच का? एनएसचं वर्ष कॅलेंडरप्रमाणे चालत नाही. भरती वर्षभर तुकड्या-तुकड्यांनी होते. शिवाय भरतीआधीच्या आयपीपीटीत (शारीरिक क्षमतेच्या चाचणीत) पुरेसे गुण मिळवलेल्यांची सेवा 2 महिन्यांनी कमी होते, म्हणजे कुणाचे 24 महिने, कुणाचे 22. वर्षअखेरीला बसून लिहिलं की ओआरडीला (सेवा संपण्याच्या दिवसाला) किती दिवस उरले याचीच मोजदाद होते आणि लेखाजोख्याचा तुरुंगातला दिनदर्शिका-तक्ता होतो. टप्पा बदलला की लिहावं: पीओपीनंतर (बीएमटी संपल्याच्या संचलनानंतर), पोस्टिंगनंतर, रँक मिळाल्यावर.

अजून एक. मुलांनी स्वतःबद्दल स्वतःच लिहिलेलं एकांगी असतं. बीएमटीत सेक्शनमधली मुलं एकमेकांचं मूल्यमापन करतात, म्हणजे ही पद्धत तुमच्या ओळखीचीच आहे. तीच आता खाजगीत वापरा. दोन जणांना विचारायचं, "मी कुठे कमी पडलो, एक गोष्ट सांग." एकच मागायची. तीन मागितल्या की माणूस दोन गुळगुळीत सांगतो. त्यातला एक जवळचा मित्र असावा आणि दुसरा ज्याच्याशी फारसं जमत नाही असा. दुसऱ्याचंच उत्तर बहुधा कामाचं निघतं.

आणि लिहिता लिहिता दरवेळी अंधारच कागदावर उतरत असेल, झोप उडत असेल, तर वही बाजूला ठेवून कुणाशी तरी बोला. एसएएफची 24 तासांची समुपदेशन हेल्पलाइन आहे, युनिटमध्ये प्रशिक्षित पॅरा-काउन्सेलर असतात. घरचे तर आहेतच, आणि त्यांना वाटतं त्यापेक्षा जास्त कळतं.

सहा_फेरे

आकड्यांचं मी सांगतो. आयपीपीटी 100 गुणांची: 2.4 किलोमीटर धावणं 50, पुशअप्स 25, सिटअप्स 25. पुशअप्स आणि सिटअप्स प्रत्येकी एका मिनिटात जेवढ्या होतील तेवढ्या. 75 ला सिल्व्हर, 85 ला गोल्ड, कमांडो, डायव्हर आणि गार्ड्स या खास दलांना गोल्डसाठी 90. बहुतेक जण वहीत नुसते "81" लिहून ठेवतात. तो आकडा वर्षभराने मुका होतो. तिन्ही स्टेशनचे आकडे वेगळे लिही, धावण्याची एकूण वेळ लिही, आणि जमलं तर प्रत्येक फेरीची.

2.4 किलोमीटर म्हणजे 400 मीटरच्या ट्रॅकवर बरोबर 6 फेरे. 12 मिनिटांत संपवायचं तर फेरीला 2 मिनिटं, 11 मिनिटांना 1:50, साडेदहाला 1:45. सगळ्यात जास्त गुण जातात ते पहिल्या फेरीत. बाकीच्यांच्या नादाने पहिला फेरा 1:30 ला मारायचा आणि चौथ्या-पाचव्यात 2:15 वर यायचं. फेऱ्यांच्या वेळा लिहिलेल्या असतील तर हे वहीतच दिसतं, कोच लागत नाही. गुणांचा तक्ता वयोगटाप्रमाणे बदलतो आणि पहिला गट 22 पूर्ण होईपर्यंतचा. म्हणून आकड्याशेजारी वय लिही, नाहीतर पुढे रिझर्व्हिस्टमध्ये (ओआरडीनंतरच्या राखीव सेवेत) गुण वाढले म्हणून खूश होशील आणि धावण्याची वेळ तीच निघेल.

रजांचाही हिशेब मांड. वर्षाला 14 दिवस. त्यातल्या किती आखून घेतल्या आणि किती नुसत्या झोपण्यात गेल्या? दुसऱ्या वर्षासाठी आपले सण आत्ताच कॅलेंडरवर टाक. इथे दीपावलीची सार्वजनिक सुटी एकच दिवस, तीही तमिळ पद्धतीप्रमाणे नरक चतुर्दशीला धरून. 2025 मध्ये सुटी 20 ऑक्टोबरला होती आणि आपलं लक्ष्मीपूजन 21 ला. गणपती, पाडवा, भाऊबीज यांना तर सुटी नाहीच. गणेश चतुर्थीची रजा आदल्या आठवड्यात मागितली तर सरावाच्या वेळापत्रकापुढे ती टिकत नाही. तारखा आधीच देऊन ठेवल्या तर निदान बोलणी होतात.

बेडोकचा_बंड्या

भारी. 52 ओळी आखायला घेतल्या, 31 भरल्यासुद्धा. मावशी, डिसेंबर एवढ्यासाठीच की हातात चार दिवस रजा आहे, पण टप्प्यांचं पटलं. दोन बारीक शंका. पुढच्या वर्षी रोज थोडं थोडं लिहायचं तर वही कुठली घ्यावी? आणि पीआर (कायम रहिवासी, नागरिक नसलेल्या) मुलांना वर्षअखेरीला कागदपत्रांचं काही पाहावं लागतं का?

चांगी_ते_टेकाँग

वही ए6 मापाची, म्हणजे नंबर फोरच्या (रोजच्या हिरव्या गणवेशाच्या) खिशात बसते. पानं शिवलेली हवीत, स्पायरलची तार वाकते आणि पानं निघतात. जेल पेन अजिबात नको, घामाने शाई पसरते. पेन्सिल किंवा साधा बॉलपेन. वही झिपलॉक पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या झिपलॉकमध्ये, कारण पहिलीची चेन महिनाभरात दगा देते. रोज पाच ओळींपेक्षा जास्त ठरवू नकोस. रोजचं जमत नसेल तर रविवारी बुक-इनला जाताना एमआरटीत दहा मिनिटं पुरतात. दिवे गेल्यावर पांघरुणाखाली टॉर्च लावून लिहिण्याचा रोमँटिकपणा करायचा नाही. झोप आधी.

पुंगोलची_मावशी

कागदपत्रांचं. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी मुदत आजच बघावी. अल्पवयीनाचा पासपोर्ट 5 वर्षांचा किंवा 18 पूर्ण होईपर्यंतचा, जे आधी येईल ते. 15 नंतर काढताना 10 वर्षांचा मागितला असेल तरच सुटका. बऱ्याच घरांत तो लहानपणीचाच असतो आणि नेमका एनएसच्या काळात संपतो. अर्जाची वेळ कामाच्या दिवशी मिळाली तर, म्हणून एक रजा त्यासाठी राखून ठेवायची. नवा आला की तपशील आयसीएला (इमिग्रेशन खात्याला) कळवायचा, आणि सोबत री-एन्ट्री परमिटची (पीआरला परत येण्याच्या परवान्याची) मुदतही बघून घ्यायची.

पुण्या-मुंबईला जायचं असेल तर तिकीट रजा मंजूर झाल्यावर काढा, आधी नाही. स्वस्त मिळालं म्हणून काढलेलं तिकीट रजेच्या अर्जाला जोडून काही उपयोग होत नाही. बराच काळ सलग देशाबाहेर राहायचं तर एक्झिट परमिट (त्यासाठीची परवानगी) लागतो. एनएस चालू असताना ती वेळ बहुतेकांवर येत नाही, पण ओआरडीनंतर शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

विद्यापीठाची जागा राखून ठेवलेली असेल तर ते पत्र आणि ओआरडीची तारीख एकाच फाइलमध्ये ठेवा. इथली वर्षं ऑगस्टमध्ये सुरू होतात. दोन तारखा शेजारी ठेवल्या की मध्ये किती महिने मोकळे आहेत ते दिसतं.

लाल_झोन

त्या फाइलचे फोटो फोनमध्ये ठेवताना 11बी त्यात चुकून आलेलं नाही ना, ते बघ.